आमच्या सैन्याची पाठ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघे संपावर असल्यामुळे उरलेल्या अंगांनी जमेल तेवढा.) तुझी तब्येत कशी आहे? हात अजून थरथरतो का? डॉक्टर काय म्हणतात ते सांगू नकोस, तू काय म्हणतेस ते सांग. इकडे मी मजेत आहे. तुझी भावजय मात्र हल्ली माझ्याशी मोजकंच बोलते, त्याचं कारण पुढे येईलच.

तर झालं असं, की निवृत्तीनंतर माणसानं एखादा छंद लावून घ्यावा असं सगळेच म्हणतात. (लावून घेतला की तेच लोक कपाळाला हात लावतात, ते सोड.) मी आपला लढाईचा खेळ पुन्हा मांडायचा ठरवला. तुला आठवतंय ना, फरशीवर खडूनं आखलेले चौकोन, फाशाच्या दानावर पुढे सरकणारं सैन्य, आणि ते कागदाचे दुहेरी शिपाई, एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला पाठ, उभं राहायला पायाशी कोटाचं बटण. तोंडं तू काढायचीस, पाठी माझ्याकडे. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाली होतीस, "अरे वेड्या, खेळताना तोंडं समोरच्याला दिसतात. आपल्याला दिसते ती आपल्या सैन्याची पाठ. मग मोठं काम कुणाचं?" झालं, मी छाती फुगवून पाठी रंगवत बसलो. मला नाक काढता येत नाही म्हणून ही वाटणी झाली होती, हे समजायला मला लग्न होऊन दोन मुलं व्हावी लागली.

पद्धत तुझीच. मधोमध रेघ, एका अंगाला पुढची बाजू, दुसऱ्या अंगाला मागची, मग घडी घालून चिकटवायचं, वजनाखाली दाबायचं आणि वाळलं की कापायचं. म्हटलं, हा तर डाव्या हाताचा मळ. अख्खी पलटण काढली, तोंडं तेवढी कोरी ठेवली. खळ लावली आणि वजन म्हणून वर तुझ्या भावजयीचं शिवणयंत्र ठेवलं. (यंत्राच्या आत खळ कशी गेली हे मलाही सांगता येणार नाही. मोजक्या बोलण्याचं कारण हेच.) कापायला बसलो आणि बघतो तर काय, पुढची तलवार एकीकडे, मागची भलतीकडेच. पुढच्या रेघेवर कात्री चालवली की मागचा हात गेलाच म्हणून समज. समोरून बघावं तर शूरवीर, मागून बघावं तर सगळे थोटे. लढाई सुरू होण्याआधीच एवढी कत्तल झाली.

मग आठवलं. तू घडी घातलेला कागद खिडकीच्या काचेला लावून धरायचीस, उजेडात पलीकडची आकृती उमटायची, आणि मी तिच्या कडेकडेनं पाठ काढायचो. मला "हलू नकोस" म्हणून दटावायचीस आणि स्वतःच हसून कागद हलवायचीस. ताई, त्या खिडकीत फार सुख होतं गं. परवा तसाच कागद लावला, पण धरायला कुणी नाही. तुझ्या भावजयीला विचारलं, तर तिनं नुसतं शिवणयंत्राकडे बघितलं. शेवटी चिकटपट्टीवर भागवलं. या खेपेला पाठी बऱ्या जमल्या आहेत.

बाकी सगळं बेताचं ठीक. काही मागणं नाही, पत्र केवळ खुशालीचं आहे.

तुझा पाठचा (आणि पाठींचा) भाऊ

ता. क. खुशालीच्या मानानं पाकीट जाड लागलं असेल. आत नवी पलटण आहे. तोंडं तू काढ. हात थरथरतो म्हणून चित्रं कायमची सोडली असं फोनवर म्हणालीस, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अगं, लढाईला निघालेल्या माणसाचं तोंड थोडं थरथरलेलंच असतं. आपले जुने शिपाई फोटो काढायला उभे राहिल्यासारखे दिसायचे, तेच खोटे होते.

ता. क. दुसरा. तोंडं झाली की टपालानं पाठवू नकोस, टपालात शिपायांच्या माना मोडतात. स्वतः घेऊन ये.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. (घरातली खळ आता माझ्या ताब्यात असते.) हे त्या थोट्या शिपायांना घेऊन दोन्ही बाजूंनी एकटेच खेळतात. एक चाल इकडून, मग कण्हत उठून पलीकडे जाऊन बसायचं आणि दुसरी तिकडून. रोज जिंकतात आणि रोज तोंड पाडून जेवायला येतात. चित्रं काढा नाहीतर नका काढू, पण या.