पूर्ण रेकॉर्डिंग लावा

४ जानेवारी
आज साडूने माझी बदनामी केली. स्वतःच्या घरी बोलावून. म्हणाला, साडूभाऊ, राग मानू नका, पण तुम्ही शिकवत नाही, घाबरवता. तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून लायसन्स घेतलेली माणसं जन्मभर टॅक्सीने फिरतात. याचंही ड्रायव्हिंग स्कूलच आहे, तेव्हा हेतू उघड. पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग आधीच चालू करून वर्तमानपत्राखाली सरकवला होता. बायका स्वयंपाकघरात होत्या. मी ताडकन उठलो, दार आपटलं, घरी आलो. मोबाईल तिथेच राहिला. ही तासाभराने घेऊन आली तेव्हाही रेकॉर्डिंग चालूच. चांगल्या कंपनीचा मोबाईल.

५ जानेवारी
बदनामीचा खटला भरणार. संकल्प: निकाल लागेपर्यंत डोकं शांत ठेवायचं.
सकाळी एका विद्यार्थिनीने तिसऱ्याऐवजी पहिला गिअर टाकला. ओरडलो नाही. फक्त आवाज चढवला. ती रडली. हल्ली लोक फार हळवे झालेत.

९ जानेवारी
वकिलाकडे. त्याने विचारलं, हे तुमच्याशिवाय कुणी ऐकलं का? बदनामीला तिसरा माणूस लागतो. म्हटलं, माणसांची चिंता सोडा.

२१ जानेवारी
साक्षीदारांची तयारी जोरात. गॅरेजवाला, वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर, सलूनमधले सगळे. प्रत्येकाला साडूचं वाक्य मोबाईलवर ऐकवलं. न्हाव्याने पुन्हा लावायला सांगितलं. हसत होता, पण ते संतापाचं हसू असावं.
हिलाही साक्षीला ये म्हटलं. भांडी लावत होती. मला यात ओढू नका, म्हणाली, आणि शिवणाच्या क्लासला गेली. दोन वर्षं जाते, अजून साधी पिशवी शिवलेली नाही. मी टोकत नाही. माझा स्वभावच समजूतदार.

३ फेब्रुवारी
वकिलाला संपूर्ण रेकॉर्डिंग कागदावर उतरवून हवंय. दार आपटलं तिथपर्यंत उतरवलं. पुढे मी खोलीत नाहीच. ऐकायचं काय?

११ मार्च
साक्षी झाल्या. साडूच्या वकिलाने सगळ्यांना एकच विचारलं, हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलं? सगळे म्हणाले, यांच्याच मोबाईलवर. आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. मला मात्र साक्षीतली एकवाक्यता आवडली.

२ एप्रिल, दुपार
साडूचा वकील म्हणतो, चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेऊच नये. झोंबलंय. बाहेर साडूने मला बाजूला घेतलं. म्हणाला, हात जोडतो, ते लावू नका. लेखी माफी देतो, पेपरात छापतो. चेहरा पांढराफटक. म्हटलं, आता आठवली माफी?

२ एप्रिल, संध्याकाळ
जिंकलो. न्यायाधीश म्हणाले, हे स्वतः त्या संभाषणात होते, रेकॉर्डिंग ग्राह्य. साडूचा वकील पुन्हा उठला: मग निदान हे निघून गेल्यानंतरचा भाग वगळा, तेव्हा हे तिथे नव्हतेच. यात काहीतरी काळंबेरं असणार. मी उभा राहून म्हणालो, पूर्ण लावा. वकील माझा कोट ओढत होता. न्यायाधीशांनी विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. वकिलाने सांगितलं, पुढच्या तारखेआधी एकदा ऐकून घ्या. बघू.

१६ एप्रिल
ऐकायला वेळ मिळाला नाही.
कोर्टात लावलं. साडूचं वाक्य. माझं दार. मग हिचा आवाज. भाऊजी, हे त्यांना सांगायला नको होतं, खरं असलं तरी. मग म्हणाली, मला लायसन्स मिळालंय हे यांना कसं सांगू? शिवणाचा क्लास म्हणून किती दिवस तुमच्याकडे येऊ? यांच्या शेजारी बसलं की माझे हात कापायचे, तुमच्याकडे एकदाही कापले नाहीत. मग म्हणाली, गाडीचं सोडा, घरातसुद्धा मी तशीच बसते. आता काय चुकेल म्हणून.
ही मागच्या बाकावर होती. मी वळून पाहिलं नाही. पाहवलं नाही. न्हावीही हसला नाही.
खटला फेटाळला. वाक्य साडूने फक्त मला ऐकवलं, गावाला मी ऐकवलं, म्हणे. अपील करता येईल, वकील म्हणाला. मी ऐकत नव्हतो.
खाली गाडीपाशी हिने किल्ली मागितली. दिली. मी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतो तिथेच बसलो. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक. दोनदा दाबला. गरज नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. चढावरच्या सिग्नललासुद्धा गाडी बंद पडली नाही.
घरापाशी तिने थांबवली. मी उतरलो. ती उतरली नाही. बहिणीकडे जाते, म्हणाली. कधी येणार, ते मी विचारलं. तिने गिअर टाकला.
कोपऱ्यावर वळताना इंडिकेटर वेळेवर दिला.