बटर पेपरावर गेलेला डोळा

माय, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितोय, राग धरू नको. शाळा सातवीत सुटली, अक्षर सांभाळून घे. पण आता दुसऱ्या कुणाला विचारू?

वाटूरच्या शाळेतले चित्रकलेचे सर आपल्याकडं जेवायला असायचे. त्यांनी तुला चुलीपुढं काढली, तेलखडूनं. तू भाकरी थापतेस, तोंडावर जाळाचा उजेड. हसून म्हणतेस, "माझं काय काढता सर, म्हशीचं काढा, ती हालत न्हाई." सरांनी बजावलं होतं की हा खडू कधी पुरता वाळत नसतो, उन्हात ठेवू नका, वर बटर पेपर घाला. मी हात पुढं केला की तू ओरडायचीस, "माझं नाक जाईल ना तुझ्या बोटाला!"

तुझा फोटो कधी निघालाच नाही. हे एकच चित्र, पेटीत गोधड्यांखाली जपलेलं. ह्या उन्हाळ्यात घरावरचे पत्रे तापले, पेटीही तापली. काल बटर पेपर उचलला आणि तुझा डावा डोळा त्याच्यासंगं उठून आला. चित्रात नुसता पिवळट डाग राहिला. डोळा कागदावरून माझ्याकडं बघत होता. घाईनं कागद परत टेकवला. बराबर बसला की तू पहिल्यासारखी दिसतेस, पण धुक्याआडून. जरा सरकला की डोळा गालावर येतो.

माझी सून म्हणाली, "मामा, लॅमिनेशन करून आणू का?"

"गरम मशीन असती ती! माय वितळंल माही!"

 मग वडीगोद्रीच्या फ्रेमवाल्याला विचारून आली. काच चित्राला टेकू द्यायची नाही, कडेनं जाड पुठ्ठा घालून मधे जागा सोडायची. "बिलकुल काही होत न्हाई. पण हा कागद काढावा लागंल, मामा."

काढला तर डोळा जातो. ठेवला तर तू झाकलेलीच. पेटीत राहू दिलं तर पुढच्या उन्हाळ्यात सगळीच कागदाला लागशील. मी घडीघडी पेटीला हात लावून बघतो, तापली का.

सोमवारी सून चित्र नेणार आहे. तू कोणत्या कागदावर आहेस, तेवढं सांग. स्वप्नात येतेस ती पाठमोरी, भाकरी थापत. एकदा वळून बघ. खरं सांगतो माय, मला तुझं तोंड आठवत नाही. आठवतं ते चित्रच.

हे पत्र पेटीतच ठेवतोय, चित्राच्या खाली. वर ठेवायची हिंमत नाही. सोमवारच्या आत कळव.