सातवीचं संमतीपत्र

निंबाचीवाडी (विटा),
रविवार, २६ सप्टेंबर २०२१

ती. आक्कास,
जयराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी सांगत नाही, म्हणून पत्रच लिही, हा तुझा हुकूम मान्य. मी दिलेला मोबाइल तू खोक्यासकट कपाटात ठेवलास हेही कळलं. राहू दे. निदान खोकं तरी नवं राहील.

मोठी बातमी म्हणजे चार तारखेला शाळा उघडते आहे. पाचवी ते सातवी, दीड वर्षानंतर! मी पडलो प्रभारी मुख्याध्यापक, त्यामुळे पायाला भिंगरी लागली आहे. वर्ग धुऊन घेतले. सातवीच्या फळ्यावर अजून मार्च २०२० ची तारीख होती. ती पुसताना कसंतरीच झालं.

पालकांना सगळं वेळच्या वेळी कळावं म्हणून ‘सजग पालक, सातवी’ असा व्हॉट्सअॅप ग्रुप केला आहे. मास्क, पाण्याची बाटली, डब्यात वाटेकरी नको, अशा सूचना रोज टाकतो. शिवाय चार पानांचं पत्रक टाकलं. प्रत्येक पालकाची संमती असल्याशिवाय मुलाला वर्गात घेता येत नाही, तेव्हा तीही मागवली. आणि तिथंच गाडं अडलं. चोवीसपैकी एकोणीस जणांनी नकार दिला!

नकार तरी किती सभ्य. टेम्पो चालवणारे सिकंदरभाई लिहितात, सद्यःस्थिती पाहता माझ्या कन्येस शाळेत पाठविणे उचित वाटत नाही, तरी क्षमा असावी, कळावे, लोभ असावा. ट्रॅक्टरवाल्या धनाजीचं तसंच. तिकडं तमिळनाडूत सेलमला सोनं गाळायचं, गलाईचं दुकान असणाऱ्या वीरधवल यांचंही तसंच. त्यांची संयोगिता माझ्या वर्गातली सर्वांत हुशार पोरगी. एरवी ती इथं आजीजवळ असते, गेलं वर्षभर आईबापांकडं सेलमला राहून फोनवर शिकते आहे.

आक्का, मुलं वाचायची विसरत चालली आहेत. चार तारखेला पाचच जण आले तर सातवीचा वर्ग बंदच राहणार. गावाचा माझ्यावरचा विश्वास उडाला असं वाटून झोप लागत नाही. काय करू ते कळव.

तुझ्या रागालोभाचा धनी,
जयराज

•

सातारा,
२९ सप्टेंबर

चि. जयराजास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा इतकं हसू आलं की शेजारच्या हुसेनबी चहा गॅसवर ठेवून बघायला आल्या.

अरे, मी चौतीस वर्षं शाळेत शिकवताना पालकांशी बोलले. रागावलेला पालक येतो, टाळणारा पालक दिसत नाही, पण फोनवर ‘कळावे, लोभ असावा’ लिहिणारा पालक मी तरी पाहिला नाही. एकोणीस माणसांना एका दिवशी एकसारखा लोभ सुटला? जुलैत सातवीला पत्रलेखन कुणी शिकवलं, ते आठव. मला तूच कौतुकाने सांगितलं होतंस. दीड वर्ष घराघरातला फोन कुणाच्या हातात आहे, तेही आठव.

तुझा ग्रुप पालकांचा नाही रे बाबा, पोरांचा आहे. तुझी चार पानं त्या पालकांनी बघितलीसुद्धा नाहीत.

आता एक कर. फोन घरी ठेव आणि संध्याकाळी डेअरीवर जाऊन उभा राहा. दूध घालायला प्रत्येक घरातलं एक माणूस येतंच. दोन वाक्यांत विचार, दोन वाक्यांत सांग. तिसरं वाक्य बोलायचा मोह झाला तर माझी आठवण काढ.

जेवण वेळेवर कर. पोरांवर उगाच हात उगारू नकोस. पत्रलेखन तरी नीट आलं आहे त्यांना.

तुझीच,
आक्का

•

निंबाचीवाडी,
सोमवार, ४ ऑक्टोबर

ती. आक्कास सा. न.

तू साताऱ्यात बसून माझं नाक कापलंस आणि वर शाळाही उघडून दिलीस!

शनिवारी संध्याकाळी डेअरीवर गेलो. मी तोंड उघडायच्या आत संयोगिताची आजी धोंडुबाई चरवी खाली ठेवून माझ्यावरच आली. आवं गुरुजी, साळा कवा उघडनार हाय, नात तकडं सेलमात बसलीया, हिकडं माझं घर लय सुनं पडलंया, असं म्हणाली. मग सिकंदरभाई म्हणाले की त्यांच्या अफताबनं तर साळा दिवाळीपातूर बंद हाय म्हणून सांगितलंया. धनाजीला जूनपर्यंत बंद असं कळलं होतं. एकालाही माझी एक सूचना पोचलेली नव्हती. मी घरी येऊन ग्रुप पुन्हा वाचला. सिकंदरभाईंच्या नकारात ‘माझ्या कन्येस’ असं लिहिलं आहे. त्यांना एकुलता एक मुलगा! आणि मी त्यावर अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा झालो होतो.

डेअरीवरच तेवीस सह्या झाल्या. आज सकाळी बावीस पोरं आली. सगळ्यांची उंची वाढलेली. मास्कमुळे ओळखू येईनात, पण हसताना डोळ्यांवरून ओळखली. धनाजीची पोरगी तापानं घरी आहे. संयोगिता सेलमलाच.

अफताबनं न मारता कबुली दिली. नकाराचा मजकूर संयोगिताने लिहून सगळ्यांना पाठवला होता. तिनं हे गंमत म्हणून केलं नव्हतं, आक्का. शाळा बंद आहे तोवर ती आईजवळ राहू शकते, उघडली की तिला पुन्हा आजीकडं पाठवतील. वर्गाला हे माहीत होतं, म्हणून पोरांनी तिच्यासाठी साथ दिली. काहींना सुट्टीही हवी होती, ते सोड.

आता माझी खरी पंचाईत. सेलमला मी फोन लावला काय नि धोंडुबाईनं लावला काय, तीच उचलते आणि बाबा भट्टीवर आहेत म्हणून ठेवते. आईबापांना कळवणं माझं काम आहे. कळवलं तर मी त्या पोरीला आईपासून तोडतो, न कळवलं तर तिचं सातवीचं वर्ष जातं. मला त्यांना कळवायचा धीर होत नाही.

तुझा,
गोंधळलेला जयराज

•

सातारा,
७ ऑक्टोबर, घटस्थापना

चि. जयराजास आशीर्वाद.

सकाळी घट बसवले आणि लगेच लिहायला घेतलं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. जावळीच्या डोंगरात माझी बदली झाली तेव्हा माझा नानासो पाच वर्षांचा होता. मी त्याला चार वर्षं आपल्या आईकडं पलूसला ठेवला. दर शनिवारी त्याचं कार्ड यायचं, मी मजेत आहे. मी ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं. नोकरीला लागल्यावर एकदा तो सहज बोलून गेला की कार्ड आजी सांगायची आणि तो लिहायचा. त्या रात्री मी जेवले नाही. आजही तो पुण्याहून येतो, पाहुण्यासारखा येतो, दुपारचा चहा घेऊन जातो. त्याला नावं ठेवत नाही मी. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून तू कळवच. पण चहाडी केल्यासारखं कळवू नकोस. दुकानाच्या पत्त्यावर पोस्टानं पत्र टाक, आईच्या नावानं. शाळा उघडली हे लिही आणि पोरीनं असं का केलं तेही लिही. सोबत संमतीपत्र पाठव. त्यात पालकांच्या सहीखाली एक ओळ हातानं वाढव, विद्यार्थ्याची संमती. सरकारी नमुन्यात ती नाही, तुझ्या नमुन्यात असू दे.

पुढचं त्या घरावर सोपव. आपल्याला सगळं सोडवता येत नाही, सांगता मात्र येतं.

हुसेनबींनी शेवया दिल्या आहेत, कुणी येणार असेल तर पाठवते.

तुझी,
आक्का

•

सेलम,
१४ ऑक्टोबर

आदरणीय गुरुजींना,
पूजाचा नमस्कार वि. वि.

मी संयोगिताची आई. तुमचं पत्र आज दुकानावर पोचलं. इथल्या पोस्टमनला मराठी पत्ता नवीन, त्यानं पाकीट दोनदा उलटून बघितलं.

गुरुजी, शाळेचं काय आलं ते संयोगिताच आम्हाला वाचून दाखवायची. जूनपर्यंत बंद आहे म्हणाली. आम्हाला खरंच वाटलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. ती तीन वर्षांची असताना तिला सासूबाईंकडं ठेवली. इथं एक खोली, शेजारी भट्टी, भाषा वेगळी. दर मे महिन्यात यायची, जूनमध्ये जायची. जाताना कधी रडली नाही. आम्ही समजलो तिला सवय झाली.

तुमचं पत्र तिच्यासमोरच मोठ्यानं वाचलं. ती पाणी प्यायला म्हणून उठली आणि माठापाशीच उभी राहिली. हे भट्टी सोडून आले. मला वाटलं रागावतील. तिनं लिहिलेला नकार वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. मला म्हणाले, भात मला बी लावता येतोय, तू जा पोरीसंगं. लग्नाला चौदा वर्षं झाली, यांनी भात लावलेला मी बघितला नाही, पण बघू.

आम्ही दोघी रविवारी निघतो. वर्ष संपेपर्यंत मी गावातच राहणार. पुढचं पुढं. हे दिवाळीला येतील. पोरीच्या हातून चूक झाली, तिला पदरात घ्या. तिला ओरडायचं राहिलं असेल तर निम्मं मला ओरडा.

आपली,
पूजा

•

निंबाचीवाडी,
बुधवार, २० ऑक्टोबर

ती. आक्कास सा. न.

पूजाताईंचं पत्र सोबत पाठवतो आहे, वाचून परत धाड. शाळेच्या फायलीत ठेवणार आहे.

दोघी काल पोचल्या. धोंडुबाईनं सुनेची नि नातीची भाकरतुकड्यानं नजर काढली आणि लगेच सुनेला चरवी धरून डेअरीवर पाठवलं. तिथं आता माझी पाटी आहे. दिवसाला दोन ओळी, तिसरी लिहायला जागाच ठेवली नाही. संध्याकाळी कुणीतरी ती मोठ्यानं वाचतं. परवा सिकंदरभाईंनी मास्क धुऊन वापरा हे असं दणक्यात वाचलं की म्हशी बिथरल्या.

एकोणीस नकारकर्त्यांना शिक्षा दिली. प्रत्येकाने आपल्या आईबापांना हातानं माफीचं पत्र लिहायचं, स्वतःच्या शब्दांत, लोभ न मागता. संयोगिता आज पहिल्या बाकावर बसून तेच लिहीत होती. तिचं संमतीपत्र मला देताना तिनं मान वर केली नाही. मी वाचलं आणि मला खिडकीकडं तोंड करावं लागलं. त्याची नक्कल तुझ्यासाठी घातली आहे. पालकांच्या जागी दोघांच्या सह्या आहेत. खाली तुझ्या ओळीसमोर तिनं लिहिलं आहे:

शाळेत येण्यास माझी संमती आहे. येताना आईस घेऊन येत आहे.

दिवाळीला तुला न्यायला येतो. नाही म्हणायचं असेल तर लेखी कळव.

तुझा,
जयराज

•

सातारा,
बुधवार, २७ ऑक्टोबर

चि. जयराजास अनेक आशीर्वाद.

पूजाचं पत्र परत पाठवते आहे. पोरीची नक्कल मात्र पाठवत नाही, ती माझी.

रविवारी नानासो आला. नेहमीसारखा चप्पल दारात सरळ काढून, घड्याळ बघत. मी ती नक्कल त्याच्या हातात दिली आणि चहा करायला गेले. येऊन बघते तर त्यानं माझ्या वहीचं पान फाडून काहीतरी लिहिलं होतं. माझ्यापुढं ठेवलं आणि पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं आत गेला.

आईकडे दोन दिवस राहण्यास माझी संमती आहे, असं लिहिलं होतं. खाली पूर्ण नावानिशी सही.

आज चौथा दिवस आहे. कपाटातला मोबाइल त्यानं बाहेर काढून चालू केला आहे आणि आता मला शिकवायला बसायचं म्हणून हाका मारतोय. तेव्हा आज एवढंच.

दिवाळीला आम्ही दोघं येतो.

तुझी,
आक्का