घंटा झाली की अक्षर सोडायचं

१० फेब्रु., सोम.
आज घंटेची रीत नीट बसली. प्रार्थनेला पितळी घंटी, विषय बदलायचा तर काचेच्या पेल्यावर चमचा, मौनाच्या वेळेला टेबलावरचा दिवा लावायचा. ओरडणं नाही, ‘चल, आटप’ नाही. माझी मावशी सिस्टर आहे, तिच्या मठातला नियम लेकीला, ज्यूडीला समजावला: घंटा म्हणजे देवाची हाक. ऐकू आली की हातातलं अक्षरसुद्धा अर्धं सोडायचं. गणिताच्या शेवटी चमचा वाजवला तेव्हा ती ‘क्षेत्रफळ’ लिहीत होती. ‘क्षेत्र’वर पेन उचललं. नऊ वर्षांची पोर! डोळे भरून आले माझे. त्यात गर्व किती? तपासणे.

१३ फेब्रु.
सासूबाईंना हे सगळं पटत नाही. “आमच्या गावान गुराच्या गल्यात घंटा बांधतात. तू हातात धरतेस, येवढाच फरक.” मी उत्तर दिलं, पण मनात दिलं. (तेही पापात धरायचं.)
माझा नवरा विल्सन न्हावा शेव्याच्या बंदरातून दुपारची पाळी करून आला, त्याला ‘क्षेत्र’वर सोडलेली वही दाखवली. म्हणाला, “आमच्या यार्डात सुट्टीचा भोंगा झाला तरी उचललेली पेटी आधी खाली ठेवतात. अधांतरी लटकत सोडून कोणी चहाला जात नाही.” तो थट्टेत म्हणाला. मी म्हटलं, ती क्रेन आहे, हा आत्मा आहे. फार चढून बोलले.
पण शाळेतून काढली ते बरंच. ती बोलताना अडखळते. तिकडे ती अडली की मागच्या बाकावरून पोरं ओरडायची, “अगं, किक मार, किक मार!” रिक्षा चालू होत नाही तसं. बाईंनाही हसू आवरायचं नाही, मी स्वतः पाहिलंय खिडकीतून. दिवाळीनंतर पाठवलीच नाही. घरी कोणी हसत नाही तिला.

१९ फेब्रु., बुध.
लीना आणि तिचा नवरा आले होते. आमच्या चर्चच्या गायनमंडळातली लीना. नवरा लाडात: “काय गं बेबी, नाव काय तुझं?”
“ज्-ज्-ज्—” मान ताठ, डोळे मिटलेले, ओठ थरथरताहेत. त्याच्या हातातली बिस्किटाची बशी तशीच. लीना पंख्याकडे बघायला लागली.
माझ्यासमोर पेला होता. नखानं हलकेच टिचकी मारली. अगदी बारीक आवाज. ज्यूडी थांबली. मी म्हटलं, “ज्यूडिथ. चौथीचं करतोय आम्ही.” बशी फिरली, गप्पा सुरू झाल्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही. केवढी सुटका झाली!
कोणाची झाली, ते लिहिताना अडले. तपासणे.

२४ फेब्रु.
टिचकीचा उपयोग होतो. अडली की फार वेळ झगडू द्यायचं नाही, हळूच सोडवायचं. रोझरीत तिची पाळी येते, ‘नमो मरिये’च्या ‘न’वर अडते. टिचकी. पुढचं मी म्हणते. तिलाही त्रास नाही, प्रार्थनाही वेळेत होते. आज दशकातले दहाही ‘नमो मरिये’ मीच म्हटले. शेवटचं ‘आमेन’ तिनं नीट म्हटलं. शाबासकी दिली.
तिनं हसायला हवं होतं.

६ मार्च
काल राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू झाला. कालपासून ज्यूडी बोललीच नाही. ‘हो’ला मान, ‘नको’ला मान. रागावलेली दिसत नाही. सगळं वेळच्या वेळी करते.
उपवासकाळात तिनं मौन धरलंय, असंच असणार. घरी शिकवणाऱ्या आयांच्या आमच्या ग्रुपवर लिहिलं. भराभर हात जोडलेले आले. एकजण: “अशी लेकरं देव निवडून देतो.” दोनदा वाचलं. परत एकदा वाचलं.
विल्सन: “तिनं सांगितलं तुला, व्रत आहे म्हणून?”
“सांगेल कशी? मौन आहे ना.”
मी हसले. तो नाही हसला.

१२ मार्च
दुपारी वाण्याकडून आले. चप्पल काढताना आतून आवाज. सासूबाई मोरीशी बोंबील साफ करत बसलेल्या, ज्यूडी शेजारी पाटावर. बोलत होती! खालच्या मजल्यावरच्या मांजरीनं चौथ्या पिल्लाला जवळ घेतलंच नाही, ते सांगत होती. “म्-म्-मग त्याला क्-क्-क्—” केवढा वेळ! सासूबाई बोंबलाचं डोकं मोडताहेत, पोट काढताहेत, हूं नाही की चूं नाही. ती आपली खेचत खेचत शेवटपर्यंत गेली. मग सासूबाई: “मेलं?” “म्-मेलं.” “जाऊ दे. वाटी दे ती.”
मला इतका आनंद झाला की पिशवीसकट आत गेले. “ज्यूडी!”
तोंड मिटलं तिनं. टक्क मिटलं. माझ्या हाताकडे बघत होती. हातात कोथिंबीर होती.
सासूबाई, माझ्याकडे न बघता: “तू जा भायेर. बोलते ती.”
मला नको त्या गोष्टीचा राग आला. माझ्यासमोर व्रत, त्यांच्यासमोर गप्पा. म्हणजे व्रत नव्हतंच. ग्रुपवर आता काय लिहू? हा विचार आधी आला, पोरीचा नंतर. क्रम लिहून ठेवते.

२२ मार्च, शनि.
ज्यूडीचा पहिला पापस्वीकार. फादरना आधीच भेटून म्हटलं होतं, तिला बोलणं जमत नाही, पापं कागदावर लिहून दिली तर? मी बसून लिहून घेते तिच्याकडून. फादर म्हणाले, “तुम्ही? तुम्ही लिहून घेणार?” मग म्हणाले, “मी बसलेला असतो. मला घाई नाही.”
ती आत गेली. मागे रांग. वेळ जात राहिला. मागून एक बाई कुजबुजल्या, “एवढीशी चिमणी, एवढी पापं? आमचा दादला पण इतका वेळ घेत नाय!” रांग हसली. मीही हसले त्यांच्याबरोबर. का हसले?
मोकळ्या हाताला काही सुचेना. बाकाच्या पाठीवर नख लागलं आणि कट्ट झालं. हात मांडीखाली घेऊन बसले.
बाहेर आली ती घामेजलेली, गाल लाल. तोंडावर असं काही, जे मी दिवाळीपासून पाहिलं नव्हतं. घरी येताना रिक्षात विचारलं, “एवढं काय सांगितलंस गं?” विचारू नये ते विचारलं. तिनं बाहेर बघितलं. पुन्हा विचारलं.
मी फादरांचाही मत्सर केला. रिक्षा थांबली तरी तेच चालू होतं डोक्यात.

२७ मार्च
घंटी, चमचा सगळं कपाटात वर ठेवून चार दिवस झाले. तिला सांगितलंही, “आता घंटा नाही. बोल हवं तेवढं.” ती मान हलवते. आज काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी वाट बघत राहिले, चेहरा सरळ ठेवून, सासूबाईंसारखा. माझी भुवई हलली असेल. ती थांबली. “क-काही नाही.”
तेवढे दोन शब्द नीट आले. जवळजवळ नीट.

६ एप्रिल, रवि.
जेवण झाल्यावर विल्सननं विषय काढलाच. जूनमध्ये परत शाळा की घरी? “ज्यूडीला विचारू. तिचं ती सांगेल.” मी म्हटलं, तिला त्रास देऊ नकोस. तो म्हणाला, “तू बस फक्त.”
बसले.
तिनं बापाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. “श्-श्-श्—” किती वेळ. सासूबाई दारात सुपारी कातरत उभ्या. “शाळा.”
विल्सन: “तिकडे हसतात ना पण, बाळा?”
“ह्-ह्-हसतात.” श्वास घेतला. परत अडली, परत घेतला. मी ताटावरचं एकच शीत बघत होते. “प्-पण म्-माझं स्-संपू द्-देतात.”
ती उठून हात धुवायला गेली.
विल्सन हळू आवाजात: “आता तुझं काय ते सांग. तू नको म्हटलंस तर मी पुढे नाही जाणार. पण तिच्यासमोर म्हण.”
म्हटलं, उद्या सांगते.
सासूबाई: “उद्या कशाला? पोरीनं तर आज सांगितलं.”

आता लिहितेय आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर: पाठवू, असंच मनात आहे. त्याच्याच मागोमाग दुसरं. तिकडे फार हसले, पहिल्यापेक्षा जास्त हसले, तर ती आपणहून परत येईल. माझ्याकडे. हा विचार नुसता येऊन गेला असं लिहिणार होते. गेला नाही. संध्याकाळपासून त्या पोरांना हसताना ऐकतेय, आणि ती शाळेच्या पायऱ्या उतरून मला शोधतेय, आणि मला ते बघायला आवड—