अजून घट्ट नाही

६ जानेवारी

ही वही बायकोने दिली. म्हणाली, "माझ्या उशाशी बसून दिवसभर जे पुटपुटता, ते यात पुटपुटा." चौथी शिकलेला माणूस काय लिहिणार! तरी लिहितो.

आज हिला दवाखान्यातून घरी आणलं. निघताना डॉक्टर माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाले, "आता जे मागतील ते खायला द्या." याचा अर्थ काय? रस्ताभर डोक्यात तेच. लेकीला विचारलं तर म्हणते, "अर्थ काय असणार बाबा, मागेल ते द्यायचं." आणि गाडीच्या काचेतून बाहेर बघत बसली.

७ जानेवारी

हिने मागितलं. काय, तर लेट्यूस! आजवर घरात कधी आणला नाही. तोही बाजारचा नको, परसातला हवा. "माझ्या खिडकीतून दिसेल असा लावा."

लेकीने बियांचं पाकीट आणलं. वर बटरहेड असं लिहिलंय. मी विचारलं, म्हणजे काय? "लोण्याचं डोकं," ही म्हणाली. "तुमच्यासारखं. जरा ऊन लागलं की वितळलं." आणि हसली. किती दिवसांनी!

पाकिटामागचं बारीक अक्षर वाचता येत नाही असं नाही, पण मला वेळ लागतो. वाचत बसलो नाही. लावून मोकळा झालो.

१८ जानेवारी

काही उगवलं नाही. माती उकरून बघितली, बी जसंच्या तसं. पाखरांनी खाऊ नये म्हणून बोटभर खोल घातलं होतं.

हिने पाकीट उजेडाला धरून मोठ्याने वाचून दाखवलं. या बियांना उजेड लागतो, वरून माती नुसती भुरभुरायची. "पुरलंत की हो त्यांना," म्हणाली.

तो शब्द मला आवडला नाही. अकरा दिवस फुकट गेले. आपल्याकडे फुकट घालवायला अकरा दिवस आहेत का, हे कुणाला विचारायचं?

१९ जानेवारी

पुन्हा पेरलं. भुरभुरून.

२५ जानेवारी

आले! केसाएवढे. हिला सांगायला धावलो तर ही झोपलेली. तोंड उघडं होतं. श्वास बघितला. चालू होता. तरी बराच वेळ बघत उभा राहिलो.

डोळे न उघडता म्हणाली, "आहे मी अजून. जा, पाणी घाला त्यांना."

१४ फेब्रुवारी

फार दाट झालेत. ही खिडकीतून हुकूम सोडते, "चार ठेवा, बाकीचे उपटा." जिवंत रोप उपटवत नाही. पण उपटली. चार ठेवली.

हिने आज अर्धी वाटी पेज घेतली. काल पाऊण घेतली होती.

२ मार्च

गोगलगायीने एक रोप खाल्लं. मुळापर्यंत. आता तीन. सकाळी उठल्याबरोबर पानं उलटून बघतो. गोगलगायी डब्यात भरून नाल्यापलीकडे सोडतो. लेक म्हणते, "बाबा, त्या परत येतील." येऊ देत. मीही परत सोडायला जाईन.

१६ मार्च

गड्डे धरू लागलेत. मधली पानं आत वळतात. पान इतकं मऊ, की बोटाचा ठसा उठतो.

ही म्हणाली, "काढा की एक."

दाबून बघितला. बोट आत गेलं. म्हटलं, अजून घट्ट नाही.

बेकरीत चाळीस वर्षं भट्टीवर काढली. पाव बोटाने दाबला की कळायचं, झाला की नाही. कच्चा बाहेर काढला की संपलं. परत आत घालून उपयोग नसतो. तीनच गड्डे आहेत. एकही कच्चा काढायचा नाही.

२२ मार्च

"झाला असेल आता," ही म्हणाली.

दाबला. अजून नाही.

२७ मार्च

ऊन वाढलं. जुनी चादर चार काठ्यांवर बांधली. हिने दिवसभरात दोन चमचे पेज घेतली. लेक स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती, नळ नुसता वाहत होता.

ही मला म्हणाली, "अहो, तुम्ही कशाची वाट बघताय?"

म्हटलं, घट्ट होऊ दे. चार दिवस थांब.

"बरं," म्हणाली. "थांबते."

१ एप्रिल

सकाळी तिन्ही गड्डे मधून वर निघालेले. टोकदार. मला वाटलं, भरले! एक पान मोडलं, तर देठातून पांढरा चीक आला. एक उपटून बियांच्या दुकानात घेऊन गेलो.

"काका, दांडा फुटला की. उकाड्याने फुलोऱ्यावर गेला. आता कडूच लागणार. दहा-बारा दिवसांपूर्वी काढायचा."

घट्ट झाला नव्हता, म्हटलं.

तो हसला. "हा घट्ट होतच नाही. हा असाच मऊ असतो. कोबी समजलात काय?"

घरी कसा आलो, आठवत नाही. थांबते म्हणाली होती.

२ एप्रिल

अगदी आतली पानं काढली. गार पाण्यात तीनदा धुतली. मीठ, लिंबू लावून दिली. हिने दोन पानं खाल्ली. हळूहळू, पूर्ण.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

उरलेलं पान मी मोरीशी जाऊन खाल्लं. कडूजहर. थुंकलो. आणि तिथेच उभा राहिलो.

९ एप्रिल

ही गेली. सकाळी. मी परसात नळ बंद करायला गेलो होतो. तेवढ्यात.

२० एप्रिल

माणसं येतात, बसतात, जातात. मी एकच सांगतो, दहा दिवस आधी काढायला हवा होता. ते मान हलवतात. लेक म्हणते, "बाबा, पुरे आता."

परसात गेलो नाही.

३ मे

लेकीने आज उशीच्या खोळीतून एक पाकीट काढून दिलं. न फोडलेलं. तेच बी. "आईने मार्चमध्ये मागवून घेतलं होतं. नंतर दे म्हणाली." मागच्या बाजूला हिचं अक्षर. वाकडंतिकडं, पण मोठं, मला वाचता यावं म्हणून.

"थंडी पडली की लावा. खोल पुरू नका. पावासारखं दाबून बघू नका. मऊ असतानाच काढा, आणि लेकीला द्या, तिला आवडतो. मला हा पाला कधीच आवडला नाही. तुम्ही माझा श्वास मोजत बसायचात, म्हणून परसात धाडलं."