शिंपीकाकांनी लपवलेली धाप

प्रिय बाबांना ठकीचा नमस्कार,

मी मजेत आहे, वेळेवर जेवतेय.

माझी ड्युटी असते त्या वॉर्डात एक शिंपीकाका दाखल आहेत. कॅन्सरसाठी तुम्ही घेता तीच गोळी तेही घेत होते. परवा सदऱ्याची बटणं लावतानाच त्यांना धाप लागली. "कधीपासून?" विचारलं, तर म्हणाले, "चार दिवस झाले. सांगितलं असतं तर गोळी बंद केली असती ना तुम्ही!"

डॉक्टरांनी गोळी खरंच थांबवली. त्या गोळीमुळेच फुप्फुसांना सूज आली होती. उपचारांनी ती उतरतेय. कॅन्सरसाठी पुढे दुसरं औषध आहे म्हणे. काका आता माझ्या नर्सच्या गणवेशाच्या शिलाईला नावं ठेवतायत!

बाबा, धाप लागली किंवा खोकला वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आई "सगळं ठीक" एवढंच म्हणते, म्हणून तुम्हालाच विचारते: जिना एका दमात चढता ना?

खरं उत्तर हवं असलेली,
तुमची ठकी