पोटरीवरची बोटं

आई, आडवी पडूनच तुला नमस्कार करते.

घाबरू नकोस, फक्त पोटरी दुखावली आहे. गोदामाच्या जिन्यात मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातली असं वाटलं. वळून पाहिलं तर चिटपाखरूही नव्हतं. डॉक्टरबाई हसल्या. "स्नायू फाटला की सगळ्यांना अस्संच वाटतं." बर्फ लावला, पट्टी बांधली, पाय उशीवर ठेवायला सांगितला. तशी मी मजेत आहे.

बाबांचा खोकला थांबला का?

पत्र टाकायचं राहूनच गेलं होतं. आज पट्टी सोडून सोनोग्राफी केली. स्नायू कुठेच फाटलेला नाही. पोटरीवर मात्र अनवाणी पावलाची पाच बोटं निळी उमटली आहेत. बाईंनी तरीही 'स्नायू फाटला' असंच लिहिलं. म्हणाल्या, "त्यावर निदान उपचार तरी आहे."

भिंतीला पाठ लावून बसलेली,
तुझी धाकटी